भाची म्हणजे कोण

आत्या गेली तेव्हा रायपूर राजधानी होऊन थोडीच वर्षं झाली होती. शहरात जो भेटेल तो जमिनीबद्दल बोलायचा. कुठून रस्ता जाणार, कोणतं ऑफिस कुठं बसणार, कोणी कधी काय विकत घेतलं. आत्यानं तेलीबांध्याला तलावाच्या मागे प्लॉट घेतला होता त्या काळी लोक तिला हसले होते. ती रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होती, लग्न केलं नव्हतं, आणि बाबा तिला म्हणायचे, "तिथं तुले सोबत कोणाची, बेडकांची?" तिनं तिथं दोन खोल्या, एक पडवी आणि मागे मोरी बांधली, आणि बेडकांच्या सोबतीनं मजेत राहिली. आता त्याच बाजूनं नव्या राजधानीचा रस्ता जाणार होता, आणि हसणारे लोक तिला दूरदृष्टीची म्हणत होते.

शेवटचं आजारपण तिनं आमच्या क्वार्टरमध्ये काढलं. आई आणि मी दोघीच होतो, बाबा आधीच गेले होते. मी सरकारी खात्यात नोकरीला, त्यामुळे दिवसभराचं सगळं आईनंच केलं. आई म्हणजे आत्याची वहिनी. दोघींचं आयुष्यभर फारसं पटलं नाही, पण त्या महिन्यांत आईनं तिचं अंग पुसलं, तिला भरवलं, आणि तिच्याशी भांडायचंही सोडलं नाही. "तुझ्या नणंदपणाची हौस अजून फिटली नाही," असं म्हणत ती तिची वेणी घालून द्यायची.

आत्याच्या पेटीत तिचं मृत्युपत्र मिळालं. त्याची आम्हाला कल्पना होती, तिनंच एकदा सांगितलं होतं की लिहून ठेवलं आहे. एकच पान, तिच्या ठसठशीत अक्षरात, मराठीत. तेलीबांध्याचं घर आणि त्यातलं सामान माझ्यामागे माझ्या भाचीचं, असं लिहून पुढं भाचीचं लाडाचं नाव. हे नाव मी इथं सांगत नाही, पण त्या काळी आमच्या लोकांत दर दोन-चार घरांमागे एका पोरीला त्याच नावानं हाक मारत. मला मारत. आणि माझ्या आतेबहिणीलाही मारत. ती आत्याच्या मोठ्या बहिणीची मुलगी, शहराबाहेर कारखान्यांच्या उरल्याला राहायची. सगळे एकत्र जमले की मी रायपूरवाली आणि ती डोंगरगडवाली, कारण तिचं माहेर डोंगरगडचं. मृत्युपत्रात गाव लिहिलेलं नव्हतं. पण आम्ही कोणी त्याचा विचारच केला नाही. आत्या आमच्याकडं राहिली, आमच्याकडं गेली, तेव्हा भाची म्हणजे मी. आतेबहीणही चौदाव्या दिवशी तेच म्हणाली, "तुझंच आहे ताई, तूच केलंस सगळं."

मी ते पान घेऊन तहसीलमध्ये नाव चढवायला गेले. तिथल्या बाबूनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

"पहले की बात होती तो मैं ऐसे ही चढ़वा देता, मैडम. अब राजधानी है. कोर्ट से प्रोबेट लाइए."

प्रोबेट हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. ऑफिसात विचारलं तर एका सहकाऱ्यानं सांगितलं की त्याच्या सासऱ्यांना डॉक्टरनं तेच लिहून दिलं होतं, जेवणानंतर घ्यायला. मला हसू आलं, पण शब्द डोक्यात राहिला. एवढं मोठं शहर, एवढे लोक मरतात, आणि मेलेल्या माणसाचं म्हणणं खरं की खोटं हे ठरवायची कुठंतरी जागा आहे, ती कशी असेल हे बघावंसं वाटू लागलं. खरं सांगायचं तर घरापेक्षा मला त्याचंच जास्त कुतूहल होतं.

जिल्हा कोर्टाच्या आवारात मी पहिल्यांदा गेले ती अर्धी रजा टाकून. आत शिरताच टाइपरायटरांचा आवाज. टिनाच्या शेडखाली वकिलांची टेबलं, प्रत्येक टेबलाला साखळीनं बांधलेल्या खुर्च्या. झाडाखाली एक नोटरी छत्री उघडून बसलेला, ऊन असो की नसो. आरंग, अभनपूरकडून आलेली माणसं गमछ्यात बांधून आणलेली भाकरी खात होती, आणि वरच्या गॅलरीतून शिपाई नावं पुकारत होता. तो प्रत्येक नाव असं लांबवायचा की ज्याचं आहे त्यालाही क्षणभर ओळखू येत नसे. मी बराच वेळ नुसती उभी राहून ऐकत होते.

आमचे वकील साहेब वयस्क, मृदू बोलणारे, कोटाच्या बाह्या चकाकलेल्या. त्यांनी पान वाचायचा प्रयत्न केला, मराठी आहे हे कळल्यावर बाजूला ठेवलं, आणि मला समजावून सांगितलं. मृत्युपत्रात ते अमलात आणणारा कारभारी नेमलेला नाही, त्यामुळे जो कागद मिळेल त्याचं खरं नाव दुसरंच काही आहे, पण कोर्टात सगळे त्याला प्रोबेटच म्हणतात. अर्ज करायचा, सगळ्या नातेवाइकांना नोटीस, पेपरात आम सूचना, कोणाची हरकत असेल तर सांगा. मग साक्षीदार.

"साक्षीदार कशाला?" मी विचारलं. "सही तर तिचीच आहे."

"वो तो आप कह रही हैं," ते म्हणाले. "मरने वाला आकर बता नहीं सकता. इसलिए कोर्ट उसको ढूँढता है जिसने अपनी आँख से दस्तखत होते देखा."

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. एक रेल्वेचे डॉक्टर, ते वारले होते. दुसरी सही एका बाईची, आत्याबरोबरची नर्स. आईला नाव ऐकून माहीत होतं, मी कधी भेटले नव्हते.

पण त्याआधी भाषांतर. कोर्टाचं काम हिंदीत, म्हणून पानाचं हिंदी करून द्यायचं होतं. वकिलांनी एका निवृत्त मराठी मास्तरांकडं पाठवलं. त्यांनी दोन दिवसांत सुंदर अक्षरात करून दिलं. मी तिथंच वाचलं आणि थांबले. भाची या शब्दाचं त्यांनी भांजी केलं होतं.

"सर, हे चुकलं," मी म्हटलं. "मी तिच्या भावाची मुलगी. हिंदीत मी भतीजी. भांजी म्हणजे बहिणीची मुलगी."

"पण भाची लिहिलंय नं?"

"मराठीत बाईला भावाची पोरगी पण भाचीच अन् बहिणीची पण भाचीच. हिंदीत दोन शब्द आहेत."

मास्तरांनी चष्मा काढला, आपल्या घरातल्या सगळ्या पोरींची मनातल्या मनात उजळणी केली असावी, आणि म्हणाले, "हव. बरोबर आहे तुमचं. इतकी वर्षं शिकवलं, पण असा कधी विचार नाही केला." त्यांनी खोडून भतीजी लिहिलं आणि सही केली. मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. घरी येऊन आईला सांगितलं, ऑफिसात सांगितलं. वकिलांना सांगितलं तर त्यांनी ते आपल्या मुंशीलाही ऐकवलं.

नोटिसा गेल्या. आतेबहीण उरल्याहून स्वतः आली, अनापत्तीचं, म्हणजे हरकत नसल्याचं शपथपत्र द्यायला. तिचा नवरा तिथल्या एका रोलिंग मिलमध्ये शिफ्टमध्ये काम करायचा. तिच्या केसांवर उरल्याची धूळ होती, तिनं कोर्टाच्या नळावर तोंड धुतलं, छत्रीवाल्या नोटरीसमोर सही केली, आणि आम्ही दोघी बाहेर भजिया खात उभ्या राहिलो. शपथपत्रात काय लिहिलंय हे तिनं वाचलंही नाही. मला म्हणाली, "इथं काय मस्त गर्दी असते गं! टीव्ही बंद करून इथं येऊन बसायला पाहिजे." मला वाटायचं की कोर्ट आवडणारी मी एकटीच आहे.

मग मी साक्षीदार शोधायला निघाले. दवाखान्यातून जुना पत्ता मिळाला, तिथून कळलं की त्या आता ब्राह्मणपाऱ्यात भावाच्या घरी राहतात. एका रविवारी सकाळी गेले. गल्ली इतकी अरुंद की स्कूटर देवळापाशीच लावली आणि पुढं पायी गेले. एका बांगडीच्या दुकानात विचारलं, त्या बाईनं दुकान तसंच टाकून मला दारापर्यंत नेलं.

दार उघडलं ते त्यांनीच. उंच, सडपातळ, पांढरे केस घट्ट बांधलेले. मी सांगितलं की मी कोण, कशासाठी आले, आणि आत्याचं नाव घेतलं.

त्यांचा चेहरा उजळला. "तैं ओकर भांची अस न?" छत्तीसगढीत त्यांनी विचारलं, तू तिची भाची ना.

मी हो म्हटलं. भांची हा शब्द मराठी भाची या शब्दाच्या इतका जवळचा होता की हो सहज निघून गेलं. आणि त्या खाली वाकल्या. माझ्या आईपेक्षा वयानं मोठी बाई माझ्या पायांना हात लावत होती. "पांव परत हंव, भांची."

मी मागे सरकले ती गल्लीतल्या समोरच्या भिंतीला आपटले. छत्तीसगढात बहिणीच्या मुलांच्या पाया पडतात हे मला माहीत होतं. आमच्या शेजारी म्हातारे मामा शाळेत जाणाऱ्या भाच्याच्या पाया पडायचे. प्रभू रामाची आई इथली लेक, म्हणजे राम साऱ्या मुलुखाचा भाचा, म्हणून भाच्यात देव बघायचा. पण माझ्याबाबतीत कोणी असं केलं नव्हतं. मैत्रिणीची भाची ती आपलीही भाची असं त्यांनी मानलं होतं. मी घाईघाईनं त्यांना उठवलं.

"नहीं नहीं दीदी, मैं वैसी भांजी नहीं. मैं उनके भाई की लड़की हूँ."

त्या सरळ झाल्या. माझ्याकडं नीट पाहिलं. "तो तुम भतीजी हो."

"हव."

"त भांची कहां हे?"

मी म्हटलं, कोण भांची?

त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं, आणि शांतपणे सांगू लागल्या. त्यांना वाटलं मी विसरले आहे, म्हणून आठवण करून दिल्यासारखं. दुपारची ड्यूटी होती. आत्यानं ड्यूटीरूममध्ये ते पान काढलं, डॉक्टर साहेबांना बोलावलं, सगळ्यांच्या देखत सही केली. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं, किसको दे रही हो? आत्या म्हणाली, भांजी को. बहन की लड़की को.

"मैं बोली, बने करे बहिनी. भांची ला देना पुन्न के काम आय. इसलिए तो याद है मेरे को," त्या म्हणाल्या, म्हणजे चांगलं केलंस, भाचीला देणं पुण्याचं. "वो हँसने लगी. बोली, पुन्न के लिए नहीं दे रही."

"और भाई की लड़की?" मी विचारलं. हे मी का विचारलं ते मला कळत नाही. थांबता आलं असतं.

"मैंने भी पूछा था. तुम्हारी तो वो बहुत बात करती थी. बोली, वो मेरे जैसी है. अपना कर लेगी."

त्यांनी पोहे केले होते, मी ते खाल्ले. दुसरं काय करणार? त्या आत्याबद्दल खूप बोलल्या. ती वॉर्डात कशी गायची, नव्या पोरींना सुई धरायला कशी शिकवायची, एकदा एका मोठ्या साहेबाला चपला बाहेर काढायला कशी लावली. मी ऐकत होते, आणि मधूनमधून ते वाक्य येत होतं, मेरे जैसी है. मला राग आला असं म्हणता येणार नाही. गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं आणि वाईटही वाटलं. निघताना त्यांनी विचारलं की कोर्टात कधी यायचं. मी म्हटलं, कळवते.

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"कोणाले सांगू नको," ती म्हणाली.

"आई, तिनं स्वतः—"

"कवाची गोष्ट आहे ते? तवा ती धडधाकट होती. मंग आजारी कोणाकडे पडली? तिची शी-मूत मी काढली. तिचं मन बदललं नसंल कायवरून?"

"मग तिनं कागद बदलला असता."

"पडल्या पडल्या कागद बदलते काय माणूस?" आईनं ताट बाजूला सारलं. "तू काहून इतकी चौकशी करतेस? गेली असती, बोलावलं असतं, आली असती. पोहे खायले कोणं सांगितलं होतं तुले?"

तिचं बरोबर होतं असंही मला वाटलं. माणूस मन बदलतो. आत्यानं आमच्याकडं असताना बदललंही असेल, किंवा नसेल. पेटी तिच्या पलंगाखालीच होती, आणि मी रोज तिला विचारायचे, काही काढून देऊ का. ती रेडिओ मागायची.

वकिलांकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला.

"गवाह को सिर्फ़ इतना कहना है कि मेरे सामने दस्तखत हुए. किसके नाम, ये कोई नहीं पूछेगा. जिसको आपत्ति होती उसने अनापत्ति दे दी है."

"म्हणजे खोटं बोलायची गरजच नाही," मी म्हटलं.

"जरूरत नहीं," ते म्हणाले, आणि साखर ढवळत राहिले. त्यांनी मला काही सुचवलं नाही. तेवढ्यासाठी मी त्यांना आजही मानते. शेवटी इतकंच म्हणाले, "आप सोच लीजिए. मैं दोनों तरह से अर्जी बना सकता हूँ."

मी उरल्याला गेले. ट्रकांच्या रांगेमागून स्कूटर चालवताना डोळ्यांत सारखं काहीतरी जात होतं. आतेबहिणीची खोली एका चाळीत शेवटची, पुढं एक दार, खिडकी नाही. नवरा ड्यूटीवर, पोरगी शाळेत. ती मशीनवर ब्लाउज शिवत होती, दिवसाही बल्ब लावून. मला पाहून तिनं आधी खुर्ची पुसली.

मी सगळं सांगितलं, ब्राह्मणपाऱ्यातल्या पाया पडण्यासकट. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. मशीनवरून उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"मले काहून?" ती म्हणाली. "मी तं आजारपणातपण नीट नाही आली तिले पाह्यले. एकदा आली अन् पोट्टीले ताप म्हणून लगेच गेली."

"मला पण तेच कळत नाही."

"तू बनवून तं नाही सांगून राहिली? मले घर देण्यासाठी?"

"मी इतकी चांगली नाही," मी म्हटलं. तेव्हा ती हसली.

मग आम्ही दोघी तिथं बसून कारण शोधत राहिलो. आमच्यासमोर जणू कोडं टाकलं होतं. तिला आठवलं की आत्या एकदा या खोलीत आली होती, उकाड्याचे दिवस, आणि बसल्या बसल्या म्हणाली होती, या घराले श्वास नाही. पण मृत्युपत्र त्याच्या आधीचं की नंतरचं हे आम्हाला जुळवता येईना. मला वाटलं बहिणीवरच्या मायेनं दिलं असेल. तिला वाटलं की तिनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा फक्त आत्या आली होती, त्याच्याशी काही संबंध असेल. एकही कारण पुरेसं वाटेना. शेवटी ती म्हणाली, "ताई, मले नको. तू बोलून दे त्या बाईले."

"काय बोलू? की तुझं ऐकण्यात चुकलं?"

बाहेर भोंगा वाजला. तिनं पदरानं मशीन पुसलं, पुसून झाल्यावर पुन्हा पुसलं, आणि विचारलं, "तुले वाईट नाही वाटून राहिलं?"

"वाटून राहिलं," मी म्हटलं. "पण कोर्टात साक्षीच्या दिवशी पेशीला येशील. त्या बाईला भांची बघायची आहे."

पेशीच्या दिवशी कोर्टाच्या वऱ्हांड्यात मी दोघींची गाठ घालून दिली. जे व्हायचं तेच झालं. वृद्ध दीदी वाकल्या, आतेबहीण किंचाळली, "अरे दीदी, ये क्या कर रहे हो!" आणि आजूबाजूच्या लोकांनी मोठ्या समजुतीनं माना डोलावल्या, भांची आहे म्हणून.

न्यायाधीश तरुण होते. साक्षीदारानं शपथ घेतली, सही ओळखली, आणि वकिलांनी मी सांगितल्याप्रमाणे पुढचा प्रश्नही विचारला, घर कोणाला दिलं. दीदींनी ड्यूटीरूममधलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं, भाषांतर पाहिलं, मूळ पान पाहिलं.

"यहाँ तो भांजी काटकर भतीजी किया गया है."

मी उभी राहिले. "साहेब, ते मी करायला लावलं. मला तेव्हा वाटलं की ती मी आहे."

"मराठी में दोनों के लिए एक ही शब्द है?"

"हव, साहेब," तोंडून निघून गेलं. मग सावरून म्हटलं, "जी. बाईसाठी एकच."

त्यांनी खाली फायली घेऊन बसलेल्या रीडरकडं पाहिलं. रीडर ओडिया, तो म्हणाला आमच्यात वेगवेगळे आहेत. पुढच्या केससाठी थांबलेले एक बंगाली वकील न विचारताच म्हणाले, आमच्याकडं भाइझी आणि बोनझी. शिपायानंही दारातून काहीतरी सांगितलं. क्षणभर ती खोली कोर्ट वाटेना, कोणाच्या तरी लग्नातली पंगत वाटली, जिथं कोण कोणाचं कोण लागतं हे चाललेलं असतं. न्यायाधीशही त्यात रमले होते. मग त्यांनी मान हलवली आणि मला विचारलं, "इस बयान से आपका नुकसान है. ये सवाल आपने पुछवाया?"

"जी."

"क्यों?"

या प्रश्नाचं मोठं उत्तर मी घरून तयार करून आणलं होतं, न्यायाचं वगैरे. ते आठवलंच नाही. "मुझे मालूम पड़ गया था," मी म्हटलं. "मालूम पड़ने के बाद क्या करती?"

त्यांनी ते लिहून घेतलं. वकिलांना अर्ज दुरुस्त करायला सांगितला. आतेबहीण अर्जदार झाली, अनापत्ती मी दिली, त्याच छत्रीखाली. आणखी बऱ्याच पेश्या झाल्या, त्यातल्या काही नुसत्या पुढच्या तारखेसाठी. मधे न्यायाधीश रजेवर गेले, एकदा वकिलांचा संप होता. मी प्रत्येक पेशीला जात राहिले. आता माझं तिथं काही काम नव्हतं, पण आतेबहिणीला एकटीला भीती वाटते असं मी ऑफिसात सांगायचे. तिला कशाची भीती! ती शिपायाला नावानं ओळखू लागली होती. निकाल लागला त्या दिवशी निकालाच्या प्रती मिळतात त्या नकल शाखेच्या खिडकीपाशी आम्ही दोघी उभ्या होतो, आणि तिनं तो शिक्का मारलेला कागद हातात घेऊन पहिल्यांदा सगळा वाचला, शब्दशः, बोट ठेवून.

आई माझ्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलली. एकदा मात्र, भाजी चिरता चिरता, आपणहून म्हणाली, "मोठी नणंद मॅट्रिक झाली होती. पूर्ण घरात पहिली. नर्सिंगले तिचंच मन होतं. मंग स्थळ आलं. तिनं बापाले, म्हणजे माझ्या सासऱ्याले म्हटलं, माझं लग्न करून टाका, पण धाकटीले शिकू द्या."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलं कवा? तू तं कोर्टात इचारत फिरत होती."

तेच कारण असेल, किंवा नसेल. आतेबहिणीला मी सांगितलं तेव्हा तिला ते माहीतच नव्हतं. तिच्या आईनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. आम्ही दोघींनी आत्याला ओळखतो असं समजून इतकी वर्षं काढली, आणि तिच्याबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट आई भाजी चिरताना सांगून मोकळी झाली.

आतेबहीण तेलीबांध्याला राहायला गेली. पडवीत तिनं मशीन मांडलं. नव्या कॉलन्यांतल्या बायका ब्लाउज शिवायला येऊ लागल्या. नवरा उरल्याला जाऊन येऊन करायचा आणि लांब पडतं म्हणून कुरकुरायचा. मी रविवारी जात असे. एक बिल्डर दोनदा विचारून गेला, तिनं त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. ब्राह्मणपाऱ्यातल्या दीदींना ती सणाला घरी बोलवायची, आणि पाया पडू द्यायची नाही म्हणून दोघींची दरवेळी दारातच झटापट व्हायची.

आई मात्र तिकडं कधी गेली नाही. बोलावलं की गुडघे दुखायचे. मग आतेबहिणीच्या पोरीचा दहावीचा निकाल लागला आणि ती स्वतः ऑटो घेऊन आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मामी, चल. नाहीतर मी ऑटो इथंच उभा ठेवते, मीटर चालू." आई कुरकुरत पातळ बदलून निघाली.

तिथं पोहोचल्यावर ती आधी बसली नाही. दोन्ही खोल्या पाहिल्या, मोरी पाहिली, मागच्या भिंतीला तळहात लावून पाहिला. आम्ही दोघी तिच्या मागे मागे. शेवटी पडवीत येऊन ती मशीनजवळच्या खुर्चीवर टेकली.

"मागची भिंत ओल धरून राहिली," ती म्हणाली. "पावसाळ्याच्या आत प्लास्टर करून घे. अन् चहात साखर कमी टाक."